मुंबईची अर्थव्यवस्था : कलकत्ता व अहमदाबाद यांच्याशी तुलना

भारतातील आधुनिक औद्योगिक नगरांमध्ये मुंबई, कलकत्ता (२००१ पासून कोलकाता) व अहमदाबाद या तीन शहरांचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, अवघ्या सहा वर्षांच्या अंतराने, या तिन्ही ठिकाणी यंत्रोद्योगाचा पाया घातला गेला : कलकत्त्यानजीक रिश्रा येथे तागाची गिरणी १८५५ मध्ये, मुंबईत ताडदेव येथे कापसाची गिरणी १८५६ मध्ये व अहमदाबाद येथे १८६१ मध्ये सुरू झाली. तिन्ही शहरांचा व्याप एकाच राजवटीखाली, एकाच कायद्याच्या व चलनाच्या चौकटीत वाढला. तरीही त्यांच्या भांडवलाचे स्वरूप, कामगारवर्गाची घडण आणि संकटांना तोंड देण्याची ताकद यांत पुढे मोठे अंतर पडले. मुंबईच्या आर्थिक इतिहासाचे मर्म या अंतरामुळेच स्पष्ट होते. कारण केवळ उत्तम नैसर्गिक बंदर लाभल्यामुळे मुंबई मोठी झाली, हे प्रचलित मत तुलनेच्या कसोटीवर अपुरे ठरते.

बंदर व पृष्ठप्रदेश : मुंबईची बेटे १५३४ च्या तहान्वये पोर्तुगीजांकडे, १६६१ च्या विवाहकरारान्वये इंग्लंडच्या राजाकडे व १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. बंदर खोल व सुरक्षित होते. पण सुमारे दीड शतक त्याला पृष्ठप्रदेश असा नव्हता. सह्याद्रीच्या भिंतीपलीकडे मराठ्यांची सत्ता होती आणि पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात सुरतेचा वरचष्मा होता. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली (१८१७ मध्ये बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये अद्याप जतन करून ठेवलेली आहे). तथापि मुंबईचा खर्च दीर्घकाळ उत्पन्नापेक्षा अधिक राहिला. याउलट, १६९० मध्ये वसलेल्या कलकत्त्याचे बंदर समुद्रापासून बरेच आत, गाळाने भरणाऱ्या हुगळी नदीवर असूनही त्याच्यामागे गंगेचे सुपीक खोरे होते व १७६५ पासून बंगालच्या दिवाणीचा वसूल होता. अहमदाबादला तर समुद्रच नव्हता. १४११ मध्ये स्थापन झालेले हे नगर साबरमतीच्या काठी, कापूस पिकविणाऱ्या गुजरातच्या मध्यभागी होते. बंदराच्या दर्जाचा क्रम आणि समृद्धीचा क्रम हे अशा रीतीने प्रारंभी जवळजवळ उलटे होते.

मुंबईची ही कोंडी तीन टप्प्यांनी फुटली. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर घाटमाथ्यावरील प्रदेश मुंबईला जोडला गेला व १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा ३४ किमी. लांबीचा लोहमार्ग सुरू झाला. परंतु आर्थिक दृष्ट्या त्याहून निर्णायक घटना म्हणजे बोरघाट (१८६३) व थळघाट (१८६५) यांतून लोहमार्ग पार होणे. बैलांच्या तांड्यांवरून उन्हापावसात येणारा वऱ्हाड-खानदेशचा कापूस त्यानंतर डब्यांतून बंदरावर येऊ लागला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला होताच यूरोपला सर्वांत जवळचे मोठे भारतीय बंदर हे स्थान मुंबईला मिळाले. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली आणि प्रिन्स (१८८०), व्हिक्टोरिया (१८८८) व अलेक्झांड्रा (१९१४) या गोद्या क्रमाने बांधण्यात आल्या.

भांडवल व उद्योजक : तिन्ही शहरांतील खरा भेद भांडवल कोणाचे होते, या प्रश्नात दिसून येतो. कलकत्त्यात व्यापार, चहाचे मळे, कोळशाच्या खाणी व तागाच्या गिरण्या यांचे नियंत्रण ब्रिटिश व्यवस्थापन अभिकर्त्या पेढ्यांकडे होते. १७९३ च्या कायमधारा पद्धतीमुळे बंगालमधील सधन वर्गाला जमिनीतील गुंतवणूक अधिक सुरक्षित व प्रतिष्ठेची वाटे. द्वारकानाथ टागोर यांनी १८३४ मध्ये यूरोपीय भागीदारासह पेढी काढून खाणी व जहाजवाहतूक यांत पाऊल टाकले होते. पण त्यांच्या निधनानंतर (१८४६) लवकरच युनियन बँक बुडाली व हा प्रयोग संपला. त्यानंतर दीर्घकाळ बंगाली भांडवल मोठ्या उद्योगांपासून दूरच राहिले. पहिल्या महायुद्धानंतर तागाच्या धंद्यात शिरलेले भारतीय उद्योजक मुख्यतः मारवाडी होते.

मुंबईत कंपनीची राजकीय पकड उशिरा बसल्यामुळे माळव्याची अफू व गुजरातचा कापूस बंदरापर्यंत आणण्याचे काम भारतीय व्यापाऱ्यांच्याच हाती राहिले. चीनशी चालणाऱ्या या व्यापारात पारशी, भाटिया, बनिया, खोजा, मेमन व बगदादी यहुदी व्यापाऱ्यांनी मोठी संपत्ती मिळविली. सर जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव. या संपत्तीचा उगम अंशतः अफूच्या व्यापारात होता, ही गोष्ट शहरातील रुग्णालये, विद्यालये व धर्मशाळा यांचे श्रेय सांगताना विसरता येत नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या गिरणीची कंपनी स्थापन केली, तेव्हा तिचे भाग घेण्यास असे व्यापारी तयार होते.

अहमदाबादचा मार्ग याहून निराळा होता. तेथील श्रेष्ठींचे महाजन व सराफी पेढ्या मोगल काळापासून टिकून होत्या. सरकारी नोकरीतून आलेले रणछोडलाल छोटालाल या नागर गृहस्थांनी पहिली गिरणी उभारली आणि पुढे स्थानिक जैन व वैष्णव वाणी घराणी या उद्योगात आली. गिरण्यांना लागणारा पैसा शहरातील लोकांच्या ठेवींमधून उभा राही. मालक गावातलाच, ठेवीदारही गावातलाच, त्यामुळे व्यवहारात सावधपणा असे. मुंबईत मात्र भांडवलाबरोबर सट्ट्याची प्रवृत्तीही वाढली.

सट्टा व त्याचे परिणाम : अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकाशरला होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला आणि मुंबईच्या कापसाचे भाव अनेक पटींनी वाढले. नव्याने आलेल्या पैशातून बँका, वित्तसंस्था व समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांच्या भागांचा सट्टा शिगेला पोहोचला. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे अध्वर्यू होते. १८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याची वार्ता येताच भाव कोसळले, बॅकबेच्या भागांना कोणी विचारीना आणि अखेर बँक ऑफ बॉम्बेही १८६८ मध्ये मोडीत निघाली. १८६४ मध्ये ८,१६,५६२ असलेली शहराची लोकसंख्या १८७२ च्या गणनेत ६,४४,४०५ भरली. या घसरणीतून दोन गोष्टी मात्र उरल्या : एक, भराव घालून मिळालेली जमीन; दुसरी, संस्था घडविण्याची गरज. १८७५ या एकाच वर्षी दलालांची संघटना (पुढील मुंबई शेअरबाजार) व गिरणीमालक संघ या दोन्हींची स्थापना झाली, हा योगायोग नव्हे.

गिरणी उद्योगाची वाढ व मर्यादा : १८७० नंतर गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडे सूत काढीत व ते चीनला पाठवीत. दूरच्या बाजारपेठेवरील हे अवलंबन हाच त्यांचा कच्चा दुवा ठरला. १८९३ मध्ये भारतीय टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीस बंद झाल्याने चांदीचे चलन असणाऱ्या चीनमध्ये हे सूत महाग झाले. त्याच काळात जपानी गिरण्यांची स्पर्धा वाढली. १८९६ मध्ये देशी गिरणीकापडावर साडेतीन टक्के उत्पादन शुल्क बसले. ते १९२६ मध्ये रद्द झाले. १८९६ मध्येच ग्रंथिक सन्निपाताची (प्लेगची) साथ आली व हजारो कामगारांनी गावाची वाट धरली. अहमदाबादच्या गिरण्या मात्र देशातील ग्राहकाकडे पाहत. त्यांनी मागांवर व तलम कापडावर अधिक भर दिला. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीचा लाभ त्यामुळे त्यांना विशेष झाला आणि दोन महायुद्धांमधील मंदीची झळही तुलनेने कमी लागली.

व्यवसायाच्या सोयींचा विचार करता मुंबईत जमीन, पाणी, मजुरी व कोळसा हे सर्वच महाग होते. कापूस पिकणाऱ्या प्रदेशात गिरणी काढणे किफायतशीर असल्याचे जमशेटजी टाटा यांनी ओळखले व १८७७ मध्ये नागपूर येथे एम्प्रेस गिरणी सुरू केली. सोलापूरची पहिली गिरणीही त्याच वर्षीची आहे. बंगालच्या खाणी दूर असल्याने पडणारा कोळशाचा भार हलका करण्यासाठी सह्याद्रीतील पावसाचे पाणी अडवून वीज करण्याची योजना पुढे आली. खोपोली येथील जलविद्युत् केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि त्यापाठोपाठ भिवपुरी व भिरा येथील केंद्रे उभी राहिली. ही वीज केवळ गिरण्यांपुरती राहिली नाही. रेल्वे, अभियांत्रिकी व रसायने या नंतरच्या उद्योगांनाही तिचा आधार मिळाला. तागावाचून दुसरा मोठा आधार न शोधणाऱ्या हुगळीकाठच्या गिरण्यांच्या तुलनेत मुंबईचे हे वैविध्य पुढे निर्णायक ठरले.

कामगारवर्ग व रोजगार : तिन्ही शहरांचे कामगार भिन्न ठिकाणांहून आले. कलकत्त्याच्या ताग गिरण्यांत बिहार, संयुक्त प्रांत व ओरिसा येथील मजूर बहुसंख्य होते. अहमदाबादेत आसपासच्या खेड्यांतील व शहरातीलच लोक होते. मुंबईचा गिरणी कामगार प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून व घाटावरील सातारा-पुणे भागांतून आला. १९२१ च्या जनगणनेनुसार शहरातील सु. चार-पंचमांश लोक मुंबईबाहेर जन्मलेले होते. पुरुष चाळीतील एका खोलीत दहा-बाराजण मिळून राहत, खानावळीत जेवत आणि पैसे गावी पाठवीत. कोकणातील अनेक गावांची घरपट्टी, शेतसारा व लग्नकार्ये या मनीऑर्डरींवर चालत. भरती मुकादम (जॉबर) करीत असे. कायम नोकरांबरोबर रोज सकाळी दारात उभा राहणारा ‘बदली’ कामगारही असे. काम असेल त्या दिवशी मजुरी, नसेल त्या दिवशी उधारी, असा त्याचा हिशेब होता.

जातिभेदही गिरणीच्या आत पोहोचला होता. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, या कारणावरून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना अधिक वेतनाच्या विणकाम खात्यात प्रवेश नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न आग्रहाने मांडला. अहमदाबादेतही दलित कामगार मुख्यतः सूतकताई खात्यातच आढळत.

कामगारांच्या हालचालींचे आद्य प्रवर्तक नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. पुढे १९११ च्या कायद्याने पुरुषांचे कामाचे तास बारा, तर १९४८ च्या कायद्याने नऊ ठरले. संघटनेच्या बाबतीत दोन शहरांच्या वाटा स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. अहमदाबादेत १९१८ च्या संपात महात्मा गांधींनी उपोषण केले, लवादाने पस्तीस टक्के वेतनवाढ दिली आणि अनसूया साराभाई यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये मजूर महाजन ही संघटना स्थापन झाली. लवाद, वाटाघाटी व कल्याणकार्य ही तिची पद्धत होती. मुंबईत १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला व त्यातून साम्यवाद्यांच्या नेतृत्वाखालील गिरणी कामगार युनियन बळावली. मालक व कामगार यांची भाषा, प्रांत व वस्ती भिन्न असल्याने मुंबईत मध्यस्थीला वाव थोडा होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त संघटनेला वाटाघाटीचा अधिकार दिला. हीच तरतूद पुढे मोठ्या असंतोषाचे कारण झाली.

स्वातंत्र्योत्तर स्थित्यंतर : १९४७ च्या फाळणीने कलकत्त्याचा आर्थिक कणाच दुभंगला. गिरण्या भारतात राहिल्या व उत्तम ताग पिकविणारा प्रदेश पूर्व पाकिस्तानात गेला. वर निर्वासितांचा लोंढा आला. पोलादाची वाहतूक-दरसमानता १९५६ मध्ये लागू झाल्यावर खाणींच्या व पोलाद कारखान्यांच्या जवळिकीचा लाभही उरला नाही; तेच पोलाद मुंबईला त्याच किमतीत मिळू लागले. कापसाला मात्र अशी सवलत नव्हती, ही पूर्व भारताची तक्रार निराधार म्हणता येत नाही. १९६५ नंतर रेल्वे डब्यांच्या मागणीत घट, घेराव व टाळेबंदी यांमुळे अनेक कंपन्यांनी आपली कार्यालये हलविली. हुगळीतील गाळावर उपाय म्हणून बांधलेला फराक्का बंधारा १९७५ मध्ये कार्यान्वित झाला. तोवर मोठी जहाजे अन्यत्र वळली होती.

मुंबईकडे मात्र याच काळात वित्तसंस्थांचा ओघ वाढला. रिझर्व्ह बँकेचे मध्यवर्ती कार्यालय १९३५ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले होते. ते १९३७ मध्ये कायमचे मुंबईस आले. भारतीय स्टेट बँक (१९५५), आयुर्विमा निगम (१९५६), औद्योगिक विकास बँक व युनिट ट्रस्ट (दोन्ही १९६४) यांची मुख्य कार्यालयेही येथेच राहिली. तुर्भे येथे १९५४-५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने व अणुशक्ती केंद्र उभे राहिले. १९७४ मध्ये बॉम्बे हाय येथे खनिज तेल सापडले. औषधे, रसायने, मोटारी व यंत्रसामग्री यांचे कारखाने कुर्ला-भांडुप ते ठाणे-बेलापूर पट्ट्यात पसरले. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९६१ मधील ४१·५२ लाखांवरून १९८१ मध्ये ८२·४३ लाखांवर गेली आणि १९९१ च्या जनगणनेत मुंबईच्या नागरी संकुलाने (सु. १·२६ कोटी) कलकत्त्याच्या संकुलास (सु. १·१० कोटी) मागे टाकले.

गिरण्यांचा ऱ्हास : याच भरभराटीच्या काळात गिरण्या आतून पोखरल्या जात होत्या. जुनी यंत्रे बदलण्यात मालकांनी हयगय केली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी व सुरत येथील यंत्रमाग कमी मजुरीत व कारखाने कायद्याच्या कक्षेबाहेर राहून स्वस्त कापड काढू लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सु. ६० गिरण्यांतील सु. अडीच लाख कामगारांनी संप पुकारला. वेतनवाढीबरोबरच मान्यताप्राप्त संघटनेची मक्तेदारी मोडणे हीही त्यांची मागणी होती. संप वर्षाहून अधिक काळ रेंगाळला व औपचारिक रीत्या तो कधीच मागे घेतला गेला नाही. १९८३ मध्ये केंद्र सरकारने तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. परंतु हजारो कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही.

या ऱ्हासास केवळ संप कारणीभूत मानणे तुलनेत टिकत नाही. ज्या अहमदाबादेत सहा दशके लवादाची परंपरा होती व १९८२ सारखा संप झाला नाही, तेथील बहुसंख्य गिरण्याही १९८० नंतरच्या दीड दशकात बंद पडल्या आणि लाखाच्या घरात कामगार बेकार झाले. संघर्षाचा मार्ग व सामंजस्याचा मार्ग या दोहोंचा शेवट एकच झाला, यावरून मूळ कारण यंत्रसामग्री, वस्त्रधोरण व यंत्रमागांची स्पर्धा यांत होते, हे दिसून येते. संपाने मुंबईतील ऱ्हासाचा वेग वाढविला, एवढेच निश्चितपणे म्हणता येते.

दोन्ही शहरांतील फरक जमिनीच्या किमतीत होता. मुंबईत बंद गिरणीची जागा चालू गिरणीपेक्षा मौल्यवान ठरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा साधारणतः एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी व एक-तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी देण्याची तरतूद होती; २००१ मधील दुरुस्तीने ही विभागणी केवळ बांधकामरहित जमिनीपुरती मर्यादित झाली व २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. परळ-लालबागच्या चिमण्यांच्या जागी कार्यालये, दुकानसंकुले व उत्तुंग इमारती आल्या. अहमदाबादने औषधे, रसायने व डेनिम कापड यांच्याकडे मोहरा वळविला.

मूल्यमापन : मुंबई टिकली याचे श्रेय बंदराइतकेच भारतीय भांडवलाचे आरंभापासूनचे वर्चस्व, विजेमुळे आलेले औद्योगिक वैविध्य व वित्तसंस्थांचे केंद्रीकरण यांना द्यावे लागते. बंदराचे महत्त्व तर १९८९ मध्ये न्हावाशेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर खाडीपलीकडे सरकले. तरी शहराचे आर्थिक अग्रस्थान ढळले नाही. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअरबाजारात व्यवहार सुरू झाल्यावर ते अधिक दृढ झाले. एकाच पिकावर व परकीय पेढ्यांवर विसंबलेल्या कलकत्त्यास राजधानी गेल्यावर (१९११) व फाळणी झाल्यावर सावरण्यास दुसरा आधार नव्हता.

तथापि शहराचे सावरणे व त्यातील कामगारांचे सावरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँका, विमा, रोखेबाजार व माहिती-सेवा यांत निर्माण झालेले रोजगार शिक्षित वर्गाच्या वाट्याला आले. साचा सांभाळणारा कामगार पहारेकरी, फेरीवाला, हमाल झाला किंवा गावी परतला. गिरणीत पगाराबरोबर भविष्य निर्वाह निधी, विमा व सुटी यांची हमी होती. नव्या कामांत ती क्वचितच होती. कोकणातील ज्या घरांना शतकभर मुंबईची मनीऑर्डर येत होती, त्यांच्या दृष्टीने १९८२ नंतरची मुंबई अधिक श्रीमंत झाली, पण अधिक दूरही गेली. नगरांच्या तुलनेत उत्पन्न व उलाढाल यांच्याबरोबरच कोणाला कोणते काम मिळाले, हाही निकष धरला, तर तिन्ही शहरांमधील अंतर वाटते त्यापेक्षा बरेच कमी भरते.